दाढेजवळचा कान

सहा वर्षांच्या मुलाच्या ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंतचे अंतर जेमतेम अर्धी वीत भरते. खालची दुधाची दाढ किडली आणि ती कोरायला डॉक्टरांनी एअरोटर हातात घेतला, की मिनिटाला तीन-चार लाख फेऱ्या मारणारे ते चिमुकले चक्र त्या मुलाच्या कानापासून एवढ्याच अंतरावर फिरू लागते. डॉक्टरांचा स्वतःचा कान तिथून फूट-दीड फूट लांब असतो, मदतनीस थोडी आणखी पलीकडे, आणि आई बहुधा खुर्चीच्या पायथ्याशी. म्हणजे खोलीतल्या सगळ्यांत यंत्राच्या सर्वाधिक जवळ असतो तो सर्वांत लहान माणसाचा कान. त्यात एअरोटर एकटा नसतो. थुंकी ओढणारे सक्शन, दात साफ करणारा स्केलर, मायक्रोमोटरची गरगर, कोपऱ्यात मध्येच धडधडून सुरू होणारा कॉम्प्रेसर आणि शेजारच्या खुर्चीवर रडणारे दुसरे मूल, असे सगळे मिळून तो आवाज होतो. या आवाजाने लेकराच्या कानाला इजा होते का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देता येते आणि ते बरेचसे दिलासा देणारे आहे. पण मुलांच्या दंतोपचारात आवाजाचा विषय तेवढ्या उत्तरावर मिटत नाही. मला असे दिसते, की आवाज मोजणाऱ्यांनी कानाच्या इजेकडे पाहता पाहता आवाजाखाली दबून जाणाऱ्या शब्दाकडे पुरेसे पाहिलेले नाही. आणि बीदर-कलबुर्गीसारख्या अनेक भाषांच्या सीमाभागात ही चूक सर्वांत महाग पडते.

या दोन जिल्ह्यांत दंतवैद्यक शिकवणाऱ्या संस्थांची वानवा नाही. बीदरला एस. बी. पाटील दंत महाविद्यालय आहे, हुमनाबादला एचकेडीईटीचे दंत महाविद्यालय आहे, कलबुर्गीत एस. निजलिंगप्पा दंतविज्ञान संस्था आणि अल-बदर ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. अडचण भाषेची आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले, भालकी, औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. दुखणी मात्र सीमा पाहून येत नाहीत. औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आजही मराठी बोलली जाते, शेजारच्या घरात कन्नड, पलीकडच्या गल्लीत दखनी, तांड्यावर लंबाणी, तेलंगणच्या बाजूला तेलुगू. अशा मुलाला दातांच्या खुर्चीवर बसवले की त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, इथून सुरुवात होते. आणि बसवावे तर अनेकांना लागते. भारतीय दंत परिषदेच्या 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या 51.9 टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते, बारा वर्षांच्या 53.8 टक्के मुलांचे. म्हणजे कोणत्याही बालवाडीत डोकावले तर निम्मी मुले या खुर्चीची उमेदवार.

आधी कानाच्या इजेचा हिशेब करू. डेसिबलचे माप सरळ रेषेत चढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दसपट. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्यसंस्थेने 1998 मध्ये कायम केलेल्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला आठ तास 85 डेसिबल आवाजात काढले तर ती मर्यादा झाली. 88 डेसिबलला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 100 ला अवघी पंधरा मिनिटे. ही मर्यादा कारखान्यातल्या कामगारासाठी आहे, ती पोरांना लावू नये, असे कोणी म्हणेल तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून मुलांसाठीचे अधिक कडक माप घेऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी हेडफोनवरच्या गाण्यांसाठी मुलांना आठवड्याला 40 तास 75 डेसिबल ही पातळी सुचवली आहे. त्याच हिशेबाने 85 डेसिबल आवाज मुलाने आठवड्याला चार तास ऐकला तर त्याचा वाटा संपतो. आता खुर्चीकडे या. ठिकठिकाणच्या दवाखान्यांत आणि महाविद्यालयांत झालेल्या मोजण्यांत चालू स्थितीतले एअरोटर, सक्शन, स्केलर साधारण 65 ते 85 डेसिबलच्या दरम्यान भरतात. बेअरिंग झिजलेला जुना एअरोटर त्याच्या वर जातो. ही मापे बहुधा डॉक्टरांच्या कानापाशी घेतलेली असतात, म्हणून मुलाच्या कानासाठी काही डेसिबल वाढवून धरा. एका दाढेचे काम वीस मिनिटे चालले तरी प्रत्यक्ष एअरोटर फिरतो तो तुकड्या-तुकड्यांनी मिळून चार-पाच मिनिटे. 85 डेसिबलने धरले तर आठवड्याच्या वाट्यातले दोन टक्के खर्च झाले, 90 ने धरले तर सहा-सात टक्के. आणि हे मूल दर आठवड्याला येत नाही. याउलट गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर खांद्यावर बसवलेले तेच मूल तासाभरात जे सोसते, त्यापुढे दंतवैद्याच्या अनेक फेऱ्यांचा आवाज किरकोळ आहे.

यावर एक शंका तज्ज्ञ मंडळी काढतात आणि ती हलकी नाही. मापकयंत्र हवेतला आवाज मोजते, पण दात थेट जबड्याच्या हाडात रुतलेला असतो. एअरोटरचे कोरणारे टोक, म्हणजे बर, दाताला टेकले की कंप हाडातून सरळ अंतर्कर्णाकडे जातो, आणि तो हवेतल्या मापात धरला जात नाही. शिवाय चक्राच्या फेऱ्यांचे गणित केले तर मिनिटाला तीन लाख म्हणजे सेकंदाला पाच हजार. त्या तीक्ष्ण शिट्टीचा सूर नेमका पाच हजार हर्ट्झच्या आसपास पडतो. गोंगाटाने होणारा बहिरेपणा पहिल्यांदा जिथे खड्डा पाडतो तो तीन ते सहा हजार हर्ट्झचा पट्टा हाच. स्केलरचे टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा कंप पावते, म्हणजे त्याचा मूळ सूर माणसाला ऐकू येण्यापलीकडचा. पण त्यातून निघणारे खालचे सूर लहान मुलाला ऐकू येतात आणि चाळिशी ओलांडलेल्या बापाला कदाचित येत नाहीत. त्यामुळे ‘कुठं एवढा आवाज आहे’ असे मोठ्या माणसाने म्हणण्यात अर्थ नसतो, त्याचा कान त्या वरच्या पट्टीला आधीच मुकलेला असतो. ही शंका मान्य करूनही निष्कर्ष फारसा हलत नाही. स्केलिंगनंतर काही मोठ्या माणसांच्या कानात थोडा वेळ गुणगुण राहिल्याच्या किंवा ऐकणे तात्पुरते मंदावल्याच्या नोंदी आहेत, पण ते पुन्हा पूर्ववत होते. आणि दगडासारखे साठलेले किटण लहान मुलांत क्वचित असल्याने त्यांना स्केलरची गरजच थोडी पडते. गरज नसताना तो वापरू नये, एवढा सावधपणा इथे पुरेसा आहे.

खरा धोका कोणाच्या कानाला असेल तर तो रोज त्या खोलीत उभे राहणाऱ्यांच्या. मूल वीस मिनिटांनी घरी जाते. बालदंतरोग विभागातली एमडीएसची विद्यार्थिनी तीन वर्षे तिथे असते, मदतनीस वीस-पंचवीस वर्षे. दिवसाची सरासरी काढली तर त्यांच्याही वाट्याला बहुधा 85 च्या खालीच येते, आणि दंतवैद्यांच्या श्रवणशक्तीवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एका बाजूला झुकत नाहीत. काहींत उंच सुरांकडे घट दिसते, काहींत वयापलीकडे काही आढळत नाही. पण मुलांच्या विभागात एक आवाज असा आहे जो यंत्रांच्या यादीत कोणी धरत नाही. आकांताने रडणाऱ्या मुलाच्या तोंडाजवळ मोजले तर आकडा शंभरच्या पुढे जातो. डॉक्टरांचा कान त्या तोंडावर वाकलेला असतो. वरचा हिशेब आठवा, शंभर डेसिबलला दिवसाची मर्यादा पंधरा मिनिटांची. सकाळच्या पाळीत अशी तीन मुले आली की ती मर्यादा भरली. बालदंतचिकित्सेतले सर्वांत गोंगाटी यंत्र म्हणजे भेदरलेले मूल, आणि ते यंत्र सुरू होते दुसऱ्या यंत्राच्या आवाजाने. मूल भ्यायले नाही तर त्याचे रडणे टळते, रडणे टळले तर डॉक्टरांचे कान वाचतात. मुलाची भीती आणि कर्मचाऱ्यांची श्रवणसुरक्षा हे दोन वेगळे विषय म्हणून हाताळले जातात, ते मुळात एकच आहेत.

भीतीचा आणि आवाजाचा संबंध काही तर्काने जुळवावा लागत नाही. मुलांची दंतभीती मोजण्यासाठी 1982 मध्ये कथबर्ट आणि मेलॅमेड यांनी तयार केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात पंधरा गोष्टी आहेत आणि मुलाला प्रत्येकीची किती भीती वाटते ते विचारायचे. त्या पंधरांपैकी तीन एकट्या ड्रिलबद्दल आहेत: ड्रिल चालवणे, ड्रिल चालताना दिसणे, आणि ड्रिलचा आवाज. बाकी एकाही उपकरणाला, अगदी सुईलाही, अशा तीन जागा मिळालेल्या नाहीत. भीती घालवण्याचा उपायही जुनाच आहे. 1959 मध्ये अ‍ॅडलस्टन यांनी मांडलेली ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही रीत दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. आधी मुलाला त्याच्या शब्दांत सांगायचे, मग नखावर फिरवून दाखवायचे, मग दाताला लावायचे. एअरोटरला पाण्याची पिचकारी म्हणायचे, सक्शनला पाणी पिणारी नळी. या सगळ्या रीतीचा पाया एकच: बोललेले ऐकू येणे आणि ऐकलेले कळणे.

आणि तो पायाच गोंगाट खणून काढतो. माणसाचे साधे बोलणे एक मीटरवरून साठ डेसिबलच्या आसपास भरते, अगदी जवळून पाच-सहाने अधिक. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क असतो. साधा सर्जिकल मास्क ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांतले उंच सूर थोडे खातो, एन-95 त्याहून जास्त खातो, आणि ओठ तर दोन्हींत झाकलेले. सक्शन आणि एअरोटर सत्तरच्या वर सुरू असताना त्यातून जाणारे वाक्य मोठ्या माणसालाही तुटक ऐकू येते. मुलांची गोष्ट आणखी वेगळी. गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची क्षमता पौगंडावस्थेपर्यंत पुरती पिकत नाही. म्हणूनच वर्गखोलीच्या बाबतीत शिक्षकाचा आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा पंधरा डेसिबलने वर असावा असे सांगितले जाते. खुर्चीवरच्या मुलाला हा फरक शून्यही मिळत नाही, उलटा मिळतो. मग डॉक्टर आवाज चढवतात. ओरडून सांगणे आणि रागावणे यांत सहा वर्षांच्या मुलाला फरक करता येत नाही. ‘तोंड उघडं ठेव’ हे प्रेमाने म्हटलेले वाक्य सक्शनवर मात करायला चढ्या आवाजात म्हटले, की ते दरडावणे होते.

आता यात सीमाभाग मिळवा. दुसऱ्या भाषेतले बोलणे शांततेत ज्याला चांगले कळते, त्यालाही गोंगाटात ते मातृभाषेपेक्षा कितीतरी कमी कळते. अनेक देशांतल्या अनेक चाचण्यांतून ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. कारण उघड आहे. मातृभाषेत वाक्यातला एक शब्द दबला तरी मागच्या-पुढच्यावरून मन तो भरून काढते. परक्या भाषेत तो भराव घालायला साठाच नसतो. औरादच्या मराठी घरातले मूल शाळेत कन्नड शिकत असेल, पण दाढेत कळ आली की त्याच्या तोंडून ‘दुकायलंय’ निघते, ‘नोवु’ निघत नाही. डॉक्टर बेंगळुरूकडचे असतील, हैदराबादचे असतील, कलबुर्गीचेच पण घरी दखनी बोलणारे असतील. शांत खोलीत हातवारे, हसणे, दोन भाषांचे मिश्रण यांवर निभावून जाते, या भागातली माणसे त्यात पिढ्यानपिढ्या तरबेज आहेत. एअरोटर सुरू झाला की तेवढेच बंद पडते. मुलाच्या तोंडात नळी, त्यामुळे ते बोलू शकत नाही. कानात शिट्टी, त्यामुळे ऐकू शकत नाही. समोर मास्क, त्यामुळे ओठ वाचू शकत नाही. ‘झालंच बघ, एवढंच’ हा शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि ‘दुकायलंय’ हा डॉक्टरांपर्यंत. मराठी मुलाच्या कानाला त्या आवाजाने काही होत नाही, पण त्याला त्या चार मिनिटांपुरते बहिरे आणि मुके केले जाते. श्रवणसुरक्षेची व्याख्या कानाच्या पेशी शाबूत राहण्यापुरती ठेवली तर ही हानी कोणत्याच तक्त्यात येत नाही. मी ती व्याख्या अपुरी मानतो.

एवढे म्हटल्यावर कोणी सोपा तोडगा सुचवेल: मुलांना कानात बोळे द्या, नाहीतर हेडफोन लावून गाणी लावा. काही मुलांसाठी हा तोडगा खरोखर योग्य आहे. स्वमग्न मुले, आवाजाने शारीरिक वेदना होणारी मुले यांना कानावरचे जाड मफ फार मोठा आधार देतात आणि ते प्रत्येक विभागात टांगलेले असावेत. ज्यांच्या कानाला श्रवणयंत्र आहे त्यांचे यंत्र एअरोटर सुरू होण्यापूर्वी बंद करावे लागते, नाहीतर ते शिट्टी मोठी करून आत सोडते. पण बंद करण्याआधी त्या मुलाशी सगळे बोलून घ्यायला हवे, कारण नंतर बोलता येणार नाही. सरसकट सगळ्यांना बोळे देणे मात्र उलटे पडते. बोळा यंत्राचा आवाज कमी करतो तसाच डॉक्टरांचाही करतो, आणि हाडातून येणारी गरगर कान बंद केल्यावर उलट अधिक घुमते. हे कोणीही स्वतःचे कान बोटांनी बंद करून दात एकमेकांवर आपटून पाहू शकतो. गोंगाट छाटणारे महागडे हेडफोन कॉम्प्रेसरची खालची घरघर चांगली खातात, एअरोटरच्या उंच शिट्टीपुढे त्यांचे चालत नाही. आणि गाण्याचा आवाज शिट्टीवर मात करेल इतका चढवला, की टाळायचा तो धोका आपणच कानात नेऊन ठेवला.

त्यापेक्षा यंत्र थांबवणे हा उपाय साधा आहे आणि त्याला काही खर्च पडत नाही. सांगायचे ते सगळे यंत्र बंद असताना सांगायचे, एअरोटर चार-पाच सेकंदांच्या तुकड्यांनी चालवायचा आणि प्रत्येक तुकडा मोजायचा. मोजणी मुलाच्या भाषेत ठरवून घ्यायची, एक-दोन-तीन किंवा ओंदु-एरडु-मूरु, पण दाखवायची मदतनीसाच्या बोटांवर, मुलाच्या डोळ्यांसमोर. बोट ऐकावे लागत नाही. पाचवे बोट उघडले की यंत्र थांबलेच पाहिजे, एकदाही चुकता कामा नये. मुलाने डावा हात वर केला तरी थांबलेच पाहिजे. डॉक्टर म्हणतील, रुग्णांची रांग लागलेली असते, असे थांबत बसलो तर दिवसभरात निम्मी मुलेही होणार नाहीत. पण रडत्या, लाथा मारणाऱ्या मुलाला चौघांनी धरून जी दाढ भरली जाते तिला लागणारा वेळ कोणी मोजत नाही, आणि त्या मुलाला पुढच्या खेपेला आणण्यासाठी आईला जी विनवणी करावी लागते तीही नाही.

खोलीबद्दलही थोडे बोलायला हवे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जी फरशी आहे ती शहाबादी, आणि शहाबाद याच कलबुर्गी जिल्ह्यात. फरशी गुळगुळीत, भिंतींना टाइल्स, दरवाजा काचेचा, छत सिमेंटचे: दवाखाना धुऊन काढता यावा म्हणून असा बांधतात आणि स्वच्छतेच्या दृष्टीने तेच बरोबर आहे. पण यातला एकही पृष्ठभाग आवाज गिळत नाही, सगळे तो परत फेकतात. महाविद्यालयांच्या मोठ्या दालनात ओळीने दहा-बारा खुर्च्या असतात, तिथे एका मुलाचे रडणे बाराव्या खुर्चीपर्यंत स्पष्ट ऐकू जाते आणि रांगेत बसलेल्याला आधीच घाबरवून ठेवते. जमीन आणि भिंती धुवायला लागतात, छताला पाणी लावावे लागत नाही. तिथे आवाज शोषणारे तक्ते बसवता येतात. कॉम्प्रेसर खोलीबाहेर, जिन्याखाली किंवा गच्चीवर हलवून लांब नळीने हवा आणता येते. त्याखाली रबर टाकले तरी जमिनीतून येणारी धडधड उतरते. एअरोटरला रोज तेल आणि वेळेवर नवे बेअरिंग मिळाले तर तो कितीतरी डेसिबल शांत चालतो. झिजलेल्या बेअरिंगची कर्कश शिट्टी ही यंत्राची तक्रार असते आणि ती ऐकूनही काम चालू ठेवणे हा हलगर्जीपणा आहे. अमाल्गम, म्हणजे दात भरायचे पाऱ्याचे मिश्रण, घुसळणारे यंत्र तर आता मुलांच्या विभागातून जाणारच आहे. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या 2022 च्या बैठकीत पंधरा वर्षांखालच्या मुलांना अमाल्गम वापरू नये असे ठरले आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे.

सर्वांत शांत एअरोटर म्हणजे जो लावावाच लागला नाही तो. हे आता केवळ स्वप्न राहिलेले नाही. टांझानियात 1980 च्या दशकात यो फ्रेंकन यांनी हाताच्या अवजारांनी कीड खरवडून सिमेंटने दात भरण्याची पद्धत उभी केली, वीज नसलेल्या खेड्यांसाठी, आणि 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. स्कॉटलंडच्या नोर्ना हॉल यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले: दुधाची दाढ कोरायचीच नाही, सुई द्यायची नाही, वर पोलादी टोपी चिकटवून कीड आत कोंडून टाकायची. टेसाइडमध्ये 132 मुलांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर अशा दाढांपैकी 3 टक्क्यांत मोठा बिघाड झाला, नेहमीसारख्या भरलेल्यांपैकी 16.5 टक्क्यांत. चांदीचे डायअमाईन फ्लोराइड नुसते लावले तरी कीड थांबू शकते. ते आणि दात भरायचे काचेचे सिमेंट (ग्लास आयोनोमर) दोन्ही 2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. यावर एक आक्षेप येतो आणि सीमाभागातून तो आला तर मी तो मनापासून समजू शकतो: शहरातल्या मुलांना यंत्राचे पक्के काम आणि आमच्या मुलांना खरवडून भागवणे, हा भेदभाव नव्हे का? मागास भाग म्हणून ज्यांना घटनेत 371-जे हे वेगळे कलम मिळवावे लागले, त्यांना स्वस्तातल्या उपचाराचा संशय येणे स्वाभाविक आहे. पण हॉल टोपीची चाचणी झाली ती श्रीमंत देशात, सामान्य दवाखान्यांत, आणि तिथे ती नेहमीच्या रीतीपेक्षा सरस ठरली. ब्रिटनमध्येच 1,144 मुलांवर झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात कोरून भरणे, कीड आत बंद करणे आणि केवळ काळजी घेणे या तिन्हींत दुखण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. मग जी रीत मुलाला घाबरवत नाही ती आधी का घेऊ नये? फ्लोराइडने किडलेला भाग काळा पडतो हे खरे, आणि समोरच्या दातावर ते नको असे आई म्हणाली तर तिचा शब्द शेवटचा. सूज आलेल्या, मुळापर्यंत सडलेल्या दाढेला मात्र यातले काही चालत नाही, तिथे यंत्र लागते. म्हणूनच मूल उशिरा येणे म्हणजे जास्त आवाज सोसणे. आवाजाच्या धोक्याची पत्रके वाटून पालकांना घाबरवणे मला म्हणूनच चुकीचे वाटते. भीतीने दोन महिने लांबणीवर टाकलेली दाढ पुढे जास्त वेळ एअरोटर मागते.

कायदा या खोलीत फारसा शिरत नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र दिले, दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा घातली, ती बाहेरून येणाऱ्या आवाजासाठी. आतून निघणाऱ्या आवाजाबद्दल ते गप्प आहेत. 1948 च्या कारखाने कायद्याने गोंगाटाने येणारा बहिरेपणा कळवण्याजोग्या आजारांत घातला होता, पण दातांचा दवाखाना कारखाना नव्हे. त्यामुळे आकडे हवे असतील तर संस्थांनी स्वतः घ्यायला हवेत, आणि ते अवघड नाही. आयफोनवर नायॉशचे विनामूल्य अ‍ॅप आहे, ते दोन-तीन डेसिबलच्या फरकाने बरोबर सांगते. बीदर, हुमनाबाद आणि कलबुर्गीची महाविद्यालये एका आठवड्यात प्रत्येक खुर्चीपाशी दोन मापे घेऊ शकतात: एक मुलाच्या कानाजवळ यंत्र चालू असताना, दुसरे यंत्र बंद आणि डॉक्टर बोलत असताना. त्या दोन आकड्यांतली वजाबाकी मला एकेका आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. शब्द किती खाली दबतो ते तीच सांगते. विभागातल्या मदतनीसांची आणि शिकाऊ डॉक्टरांची वर्षातून एकदा श्रवणतपासणी करायला बीदरच्या ‘ब्रिम्स’ आणि कलबुर्गीच्या ‘जिम्स’ या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेतच.

शेवटी त्या मुलांचा विचार, जी खुर्चीवर बसण्याआधीच कमी ऐकतात. कान वाहणे हा खेड्यातल्या घरांत अजूनही ‘होईल बरं आपोआप’ म्हणून सोडून दिलेला आजार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि त्यांच्या तीस आजारांच्या यादीत किडके दातही आहेत आणि श्रवणदोषही. म्हणजे एकच पथक एकाच दिवशी एकाच मुलाचे तोंड आणि कान दोन्ही पाहते. पुढे मात्र दातांची चिठ्ठी दातांकडे जाते, कानांची कानांकडे. याचा फटका खुर्चीवर बसतो. उजवा हात वापरणारे दंतवैद्य मुलाच्या उजव्या बाजूला बसतात. म्हणजे त्यांचा शब्द मुलाच्या उजव्या कानात जातो आणि डाव्या बाजूला मदतनीसाच्या हातातले सक्शन घोंघावत असते. मुलाचा उजवाच कान वाहत असेल, तर खुर्चीवर त्याला ऐकू येते ते फक्त सक्शन. दातांच्या चिठ्ठीवर ‘उजव्या कानाने कमी ऐकू येते, घरी मराठी’ एवढी एक ओळ असली, तर डॉक्टर बोलताना उठून डावीकडे येतील.